माझ्या छातीवरचं ‘रन’

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीतून पाणी ओढणारा, बिडाच्या पोटाचा, कधीकाळी हिरवागार असलेला. हिरवा रंग आता फक्त खाचाखोचांत उरला आहे. बाकी अंगभर गंज आहे आणि उन्हाळ्यात माझ्यावर एक सरडा येऊन बसतो. पण माझ्या छातीवर पितळेची एक पट्टी आहे. तिच्यावरची इंग्रजी अक्षरे अजूनही वाचता येतात. ‘डू नॉट रन ड्राय.’

एवढ्या चार शब्दांपायी मला झाडाला बांधून ठेवले होते आणि एका भल्या घरात भांडण पेटायची वेळ आली होती. त्या चारांतला खरा खोडकर शब्द एकच, ‘रन’. त्याने काय केले ते सांगतो.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लालभडक वितळलेले बीड साच्यात ओतले, थंड झाल्यावर मला बाहेर काढले, घासले, रंगवले. शेवटी एका कामगाराने छातीवर पट्टी ठोकली. ती काय म्हणते हे त्याने वाचले नाही. ती सरळ बसली की त्याचे काम झाले.

तिथून मी नागपूरच्या एका दुकानात आलो. नरखेडजवळच्या एका गावचे चंपतराव आपल्या मुलाच्या, मुकुंदाच्या, लग्नाचा बस्ता घ्यायला इतवारीत आले होते. लुगडी झाली, भांडी झाली, आणि परतताना त्यांनी मलाही घेतले. साल एकोणसत्तर होते. त्यांच्या विहिरीपर्यंत वीज नुकतीच पोचली होती. मार्गशीर्षात मुकुंदाचे लग्न झाले, म्हणजे त्या घरात नवी सून आणि मी एकाच महिन्यात आलो.

सुनेचे नाव सुभद्रा. तिचे माहेर नागपूरच्या महालात. लग्न ठरले तेव्हा ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा देऊ देण्याचा शब्द चंपतरावांनी तिच्या वडिलांना दिला होता. पण लग्नानंतर त्या शब्दाचे नाव कोणी काढले नाही, आणि तिची पुस्तके ट्रंकेत लुगड्यांखाली गेली.

चंपतराव मनाने चांगले, पण घाईचे. माझ्या भरवशावर त्यांनी मोटेची बैलजोडी मी सुरू होण्याआधीच विकून टाकली. त्यांची संत्र्याची बाग ताणावर होती. आंबिया बहारासाठी संत्र्याचे पाणी काही काळ तोडतात. झाड तहानते, पाने मलूल होतात, आणि मग वेळेवर पाणी मिळाले की फुलांनी लदबदून जाते. पण वेळ टळली तर फुले राहोत बाजूला, झाडच वाळते. संक्रांत झाली होती. आता पाणी हवेच होते.

मला विहिरीच्या काठावर बसवले. चंपतरावांच्या बायकोने, रुखमाबाईने, मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. अर्धे गाव जमले. तेवढ्यात कोणाला तरी पट्टी दिसली.

“भैयाजी, काय लिवलं हाय गा?”

भैयाजी नागपूरच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. गावातले इंग्रजी म्हणजे तेच. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले, पुन्हा चष्मा पुसला.

“डू नॉट म्हणजे करू नका. रन म्हणजे पळणे. ड्राय म्हणजे कोरडा.”

“मंग?”

“मंग काय? हा कोरडा असला का पळते. म्हून त्याले कोरडा ठेवाचा नाही.”

“पंप पळते?” चंपतरावांचा सालदार बळीराम दोन पावले मागे सरला.

“अरे, एका मिनटात हजारावर चक्कर मारते हा. मोकळा सोडला त तुह्या आधी नरखेडले पोचन.”

“माह्या वावरातून पळते?” चंपतराव गरजले. “बांधा त्याले!”

बैल गेले होते, पण त्यांची दावी होती. त्या दाव्यांनी मला आंब्याच्या बुंध्याला करकचून बांधले. मग ओला ठेवण्याची तयारी सुरू झाली. बळीरामाने जुनी पोती विहिरीत बुचकळली आणि माझ्या अंगाला गुंडाळली. वरून बादल्या ओतायचे काम त्याच्याकडेच आले. पण वीज जोडून गेलेल्या वायरमनने बजावले होते की मोटारीला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. भैयाजींनी त्यावरही तोड काढली. मोटारीवर त्यांनी स्वतःची काळी छत्री उघडून बांधली. असा मी सजलो. अर्ध्या अंगावर छत्री, अर्ध्या अंगावर धारा.

स्टार्टर दाबला. मी गरगर फिरलो. पण मित्रांनो, पंपाला पाणी ओढायचे तर आधी त्याच्या पोटात पाणी भरलेले लागते. माझे पोट रिकामे होते. मी नुसती हवा घुसळत राहिलो. दांड्याभोवतीची पाणी अडवणारी दोरी तापली, जळका वास सुटला, मी किंचाळू लागलो. बाहेरून मी न्हालो होतो आणि आतून तहानेने जळत होतो.

“पाहा, पळाची धडपड करून राहिला!” भैयाजी ओरडले. “बळीराम, अजून पाणी घाल!”

मला बंद केले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पोती दुप्पट. कळमेश्वरच्या मिस्त्रीला सांगावा धाडला, तर त्याच्या घरी बहिणीचे लग्न होते. इकडे बागेतल्या पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या. चंपतरावांचे जेवणातले लक्ष उडाले. ते बांधावर उभे राहून एकेका झाडाकडे बघत आणि मग माझ्याकडे बघत. त्या नजरेने मला फार लाजल्यासारखे होई.

अशातच एका दुपारी रुखमाबाई आणि सुभद्रा भाकर घेऊन वावरात आल्या. सुभद्राने मला पहिल्यांदाच नीट पाहिले. दावी, पोती, बादली, छत्री. तिने पट्टी वाचली, आणि तिला हसू फुटले. तिने पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलतच होते.

त्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे, सासराही सुनेशी बोलत नसे. बोलणे रुखमाबाईमार्फत चाले. रुखमाबाई निरोप इमानाने पोचवी, फक्त पोचवताना त्यात थोडे स्वतःचे घाली.

“मुकुंदाच्या माय,” चंपतराव म्हणाले, “विचार तिले, काहून हासून राहिली?”

“काहून हासून राहिली वं? इथं बाग वाळून राहिली अन् तुह्या सासऱ्याचं डोकं तापलं हाय.”

सुभद्रा हळूच म्हणाली, “आत्याबाई, ते ‘कोरडा असला की पळतो’ असं नाही. ‘कोरडा चालवू नका’ असं आहे. आधी पोटात पाणी भरायचं, मग सुरू करायचा.”

रुखमाबाई नवऱ्याकडे वळली. “ती म्हणते, त्याच्या पोटात पाणी नाही. अन् मी म्हणते, उपाशी पोटी कोण काम करन?”

भैयाजी तिथेच होते. ते ताठ झाले. “रन म्हणजे पळणे. चालणे म्हणजे वॉक. चवथीतलं पोरगं बी सांगन. इथं वॉक कुठं लिवलं हाय?”

सुभद्राने उत्तर सासूला दिले, पण आवाज थोडा वाढवून. “आत्याबाई, आपल्याकडे जे जे चालते, ते इंग्रजीत पळते. आपलं घड्याळ चालते, त्यांचं पळते. आपलं दुकान चालते, त्यांचं पळते. आपली एस.टी. नरखेड ते काटोल चालते, त्यांची पळते.”

“आपली बी पळाले पाहिजे होती,” बळीराम म्हणाला.

“आपलं नाक वाहते, त्यांचं नाक पळते.”

“नाक पळते?” रुखमाबाईने आपले नाक चाचपले.

“अन् कच्च्या लुगड्याचा रंग जाते ना, तो रंगही पळते.”

“हे मात्र खरं हाय!” रुखमाबाई एकदम पेटली. “माहं इतवारीतलं हिरवं लुगडं! एका धुण्यात रंग पळाला, तो अजून सापडला नाही.”

“दुकान पळते म्हणे,” भैयाजी हसले. “मंग गिऱ्हाईक काय मागं मागं धावते?”

मुकुंदा बांधावर उभा राहून हे ऐकत होता. तो सायकलवर बसला, घरी गेला आणि ट्रंकेतला जाडजूड शब्दकोश घेऊन आला. सुभद्राने पान काढले. ‘रन’ या एका शब्दाचे अर्थ पानेच्या पाने पसरले होते. एवढासा तीन अक्षरी शब्द, आणि त्याचा संसार केवढा! भैयाजींनी बोट ठेवून पहिली ओळ वाचली, तिथे ‘पळणे, धावणे’ असे होते. त्यांनी फटकन कोश मिटला.

“पाहा. पयलाच अर्थ. पयला नंबर तोच खरा, बाकीचे उगा भरती!”

चंपतराव पेचात पडले. “पोटात पाणी घातलं त काय होईन, भैयाजी?”

“गंजन. कायमचा. मंग मले म्हणू नका.”

चंपतरावांनी बागेकडे पाहिले. मग बायकोला म्हणाले, “सांग तिले. पंप चालला, त तिनं खुशाल परीक्षेले जावं. बिघडला, त ते पुस्तक ट्रंकेत, अन् ट्रंकेले कुलूप.”

हा निरोप रुखमाबाईने पोचवला नाही. गरजच नव्हती, सुभद्राने तो ऐकला होता. तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, जणू मी तिला दगा देणार नाही ना, असे विचारत होती. मग म्हणाली, “घाला पाणी.”

बळीरामाने माझ्या डोक्यावरचे बूच काढले आणि बादली ओतली. पहिला घोट पोटात गेला तेव्हाचे सुख काय सांगू! पण गुडगुड आवाज झाला आणि पाणी नाहीसे झाले. दुसरी बादली, तिसरी बादली. मी पीत होतो आणि पोटात काही टिकत नव्हते. भैयाजी दगडावर बसून तंबाखू मळू लागले. “घाला, घाला. विहिरीचं पाणी विहिरीत चाललं, बाकी काही नाही.”

सुभद्राने शब्दकोश पुन्हा उघडला. कोशात यापुढचे काही लिहिलेले नव्हते.

बोलली ती रुखमाबाई. “माठ पाझरला त आपण त्याचं बूड पाहतो. याचं बूड कोण पाहन?”

माझे बूड म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपाचे टोक. तिथे एक झडप असते. ती पाण्याला वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. तिचे खरे नाव फुटवाल्व्ह, पण आमच्या भागात सगळे तिला फुटबॉल म्हणतात. मुकुंदा विहिरीत उतरला, पाण्यात बुडी मारली आणि वर येऊन ओरडला, “बाबा, फुटबॉलात पोत्याचं सूत अडकलं हाय!”

मला ओले ठेवण्यासाठी जी पोती विहिरीत बुचकळली होती, त्यांचेच ते सूत. झडप त्यामुळे मिटतच नव्हती. सगळ्यांनी भैयाजींकडे पाहिले. भैयाजींनी तंबाखूकडे पाहिले.

सूत निघाले. पुन्हा पाणी ओतले. या वेळी ते चढत चढत माझ्या गळ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. बूच बसले. चंपतरावांनी स्वतः स्टार्टर दाबला. मी एक आचका दिला, दोन ढेकर दिले आणि मग धडाधडा अशी धार सोडली की समोर बसलेले भैयाजी तंबाखूसकट न्हाऊन निघाले. बळीराम नाचला. पोरे पाण्यात पडली. चंपतराव धारेपाशी गेले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि कोणाला दिसू नये म्हणून तोंडच धुऊन टाकले.

“दावी सोडा त्याची,” ते म्हणाले.

“एखादं राहू द्या,” भैयाजी निथळत म्हणाले. “सांगता येत नाही.”

लोक पांगल्यावर सासूसुना पाटाच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसल्या. सुभद्राने कोश मांडीवर घेतला होता. “आत्याबाई, ऐका. हा शब्द फार जुना आहे. शेकडो वर्षांमागे इंग्रजीत माणूस धावला तरी हाच शब्द अन् पाणी वाहिलं तरी हाच. जर्मन भाषेत याचा भाऊ आहे, तो तर अजून पाण्यासाठीच राहिला. आमचे संस्कृतचे सर सांगायचे, आपल्याकडेही ‘धाव्’ म्हणजे पळणं अन् वाहणंही.”

रुखमाबाईने वाहत्या पाटात पाय हलवले. “बरोबर हाय. पाण्याले पाहूनच माणसानं पळणं शिकलं असन.”

मित्रांनो, तोवर मला त्या पट्टीचा राग येत असे. त्या दिवशी कळले की तिच्यावर माझ्याच कामाचे नाव लिहिले आहे. मी त्या संध्याकाळी जरा जास्तच जोरात पळालो, म्हणजे चाललो, म्हणजे वाहिलो.

बाग फुलली. चंपतरावांनी शब्द पाळला आणि मार्चमध्ये सुभद्रा सकाळच्या एस.टी.ने नागपूरला माहेरी गेली. भैयाजींच्या अंगावरचे पाणी वाळले होते, मनातले वाळले नव्हते. दोन दिवसांत पारावर बातमी झाली की चंपतरावची सून पळाली.

हे रुखमाबाईच्या कानावर आले तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. ती पिठाच्या हातांनी तशीच पारावर गेली आणि भर माणसांत म्हणाली, “पळाली नाही, चालली. परीक्षेले चालली. तुमच्या इंग्रजीत या दोघांत फरक नसन, भैयाजी, आमच्या घरात हाय!” त्या दिवसापासून गावात कोणी कुठे निघाले की लोक विचारू लागले, “चालला का पळाला गा?”

निकाल लागला. सुभद्रा तिसऱ्या वर्गात पास झाली. चंपतरावांनी बायकोला विचारले, “थर्ड क्लास म्हणजे काय?” आणि उत्तराची वाट न पाहता पेढे आणवले. ‘सून नागपूर विद्यापीठात तिसरी आली,’ असे सांगत त्यांनी घरोघर पेढे वाटले. सुभद्रा लाजेने अर्धी झाली. “आत्याबाई, मामाजींना खरं सांगा ना,” ती काकुळतीने म्हणाली. रुखमाबाईने मान डोलावली, आणि हा निरोप मात्र पोटातच ठेवून घेतला.

पुढे सुभद्रा नरखेडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली. भैयाजींशी तिचे सूत जुळले. ते कधीमधी कोश मागायला येत आणि दुसऱ्या नंबरापासूनचे अर्थ वाचत. एकदा ते ग्रामपंचायतीला उभे राहिले. तेव्हा सुभद्राने त्यांना सांगितले की आपण निवडणुकीला उभे राहतो, अमेरिकेतली माणसे पळतात. भैयाजींनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. “मी उभाच राहतो,” ते म्हणाले. ते पडले. पण पडताना, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, धाप लागली नाही.

मी मात्र वर्षानुवर्षे चालत राहिलो. बेअरिंगे बदलली, दोऱ्या बदलल्या, छोटी झाडे मोठी झाली. मग एका पावसाळ्यात रुखमाबाई तापाने गेली.

घर मुके झाले. सासऱ्याला सुनेशी बोलायचे होते, सुनेला सासऱ्याशी, आणि मधला माणूसच उरला नव्हता. मुकुंदा दिवसभर बागेत. सुभद्रा सुटीच्या दिवशी विहिरीवर भाकर घेऊन येई, ठेवी आणि थोडे दूर उभी राही. चंपतराव खाली मान घालून जेवत. असे बरेच दिवस गेले. एके दुपारी त्यांनी घास घेतला, थांबले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “पंपा, सांग तिले, भाजीत मीठ नाही.”

मी धडधडत होतो. मी काय सांगणार?

सुभद्रा क्षणभर गांगरली. मग तीही माझ्याकडे वळली. “पंपा, मामाजींना सांग, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. तक्रार त्यांच्याकडे करा म्हणावं.”

“सांग तिले, डाक्टरले चव कळत नाही.”

“सांग त्यांना, डॉक्टरांना रक्तदाब कळतो.”

अशी मला दुसरी नोकरी लागली. माझ्यामार्फत त्या घरात नातवाची शाळा ठरली, गाय विकायचे रद्द झाले आणि भैयाजींच्या आजारपणात कोणी काय न्यायचे तेही ठरले. निरोप पोचवताना मी स्वतःचे काही घातले नाही. तेवढी अक्कल मला नव्हती.

आणि मग एके दिवशी वीज गेली. उन्हाळ्यात ती जातच असे. मी घरघरत थांबलो. एकदम सगळे शांत झाले, इतके की बागेतल्या होला पक्ष्याचा आवाज ऐकू आला. चंपतरावांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. “पंपा,” त्यांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहिले. मी बंद होतो. बंद पंपाशी काय बोलायचे?

त्यांनी तुकडा खाली ठेवला. “सुभद्रा,” ते म्हणाले, “बस ना वं थोडी. तुह्या सासूची लय आठवण येऊन राहिली.”

सुभद्रा पाटाच्या कडेला बसली. “मलाही येते, मामाजी,” ती म्हणाली. मग ती दोघे बोलत राहिली. रुखमाबाईच्या हिरव्या लुगड्याबद्दल बोलली, तिच्या निरोपांतल्या भरतीबद्दल बोलली. तिसऱ्या वर्गाची खरी गोष्टही तेव्हाच निघाली. चंपतराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मध्ये कधीतरी वीज आली. स्टार्टरवरचा दिवा लागला. मला सुरू करायला कोणीही उठले नाही.

मित्रांनो, त्यानंतर काही वर्षांनी बोअरवेल आली, आणि मी गोठ्यामागे आलो. तक्रार नाही. तुमच्या घरी असे एखादे म्हातारे यंत्र असेल तर त्याला पावसात उघडे टाकू नका, वर्षातून एकदा चार थेंब तेल द्या, एवढेच मागणे आहे. आणि घरातली दोन माणसे तिसऱ्याच्या तोंडून बोलत असतील, तर एखाद्या दुपारी त्या तिसऱ्याला खुशाल बंद पडू द्या.